मीठपाणी

तिसऱ्या दिवशी आम्ही सुलुल्ताला परत गेलो.
निलगिरीच्या रांगेमागे बिलिलेचा गोठा,
आणि दीमा, म्हणजे तांबडी,
मानेवर भादरलेले दोन चौकोन घेऊन उभी.
वरचा पक्ष्यांच्या क्षयासाठी, खालचा गुरांच्या.
चिमटीत कातडी धरली, कॅलिपर लावला.
सोमवारी सात. आज वर नऊ, खाली एकवीस.
मी आकडा बोलले, नगासाने लिहिला,
दीमा रवंथ करत राहिली,
जणू मान तिची नव्हेच.

"चांगलं ना?" बिलिलेनं विचारलं.
आकडा वाढला म्हणजे बरंच असणार;
दुधाचं तसंच असतं.

तिनं दिलेला कप मी नुसता हातात धरून होते,
कोमट, वर फेस.
उकळत जा, म्हटलं. ती हसली:
"उकळलं की दुधातला जीव जातो."
तेच तर, बिलिले.

आजारी गाय कोण विकत घेतं, तिनं विचारलं.
आम्ही घेतो.

संस्थेच्या गोठ्यात दीमाला दोन वासरं मिळाली,
पोटची नव्हेत. सतरा आणि अठरा.
एकाला लस, एकाला मीठपाणी.
कुणाला काय, ते कपाटातल्या बंद पाकिटात;
मला ठाऊक नाही, वासरांना नाही,
आणि दीमा दोघांनाही सारखीच चाटते.
खोकते, चाटते.
आमचा सगळा प्रयोग या चाटण्यावर उभा आहे.
वहीत मी त्याला "संपर्क" लिहिते.

कातडीला विचारून आता उपयोग नाही.
ती लशीनंही फुगते, रोगानंही;
कुणी येऊन गेलं एवढंच तिला आठवतं,
पाहुणा की चोर, ते नाही.

म्हणून रक्ताला विचारायचं.
ही लस एकेकाळी गाईचाच जंतू होती.
बैलाच्या पित्तात शिजलेल्या बटाट्याच्या कापांवर
तिला तेरा वर्षं इथून तिथे हलवत राहिले,
आणि इतकी बिऱ्हाडं बदलताना
तिची काही प्रथिनं वाटेत सांडली.
चावायची खोड बरीचशी त्यांच्यातच होती.
ते सांडलेलंच आम्ही रक्तात टाकतो,
रात्रभर सदतीस अंशांवर ठेवतो.
सकाळी रक्त खवळलेलं असलं, तर खरा रोग आत येऊन गेला.
गप्प असलं, तर त्याला फक्त लस भेटली असेल,
किंवा कुणीच नाही.

लस काय विसरली,
यावरून आम्ही रोग ओळखतो.
हे बिलिलेला कसं सांगायचं, मला अजून जमलेलं नाही.

वर्षानं सुरी.
फुप्फुसालगतच्या गाठी कांद्यासारख्या पातळ कापत जायच्या.
अठराच्या तिसऱ्या कापाला वाळू करकरली.
चौथ्यालाही. मी मोजत गेले,
बाविसावर नगासा म्हणाला, पुरे, पान संपलं.
सतराच्या गाठी मऊ, ओल्या, निरोगी गुलाबी;
शेवटच्या एकीत मात्र
मोहरीएवढा दाणा.

पाकीट फोडलं. सतरा: लस.
आम्ही टाळ्या वाजवल्या, हातमोज्यांच्या, फदफद आवाजाच्या.
मग ती मोहरी आठवली.
आकडेवाला म्हणतो, अजून चाळीस वासरं लागतील.

शनिवारी सुलुल्ताला गेले, कामाशिवाय.
दीमाच्या पैशांतून बिलिलेनं काळी गाय आणलीय.
"तपासशील?"
तपासेन.
"मग आज नको."
दीमाचं तिनं विचारलं नाही,
मीही काढलं नाही.

कोळशाच्या शेगडीवर पातेलं होतं.
दूध वर आलं, तिनं फुंकर मारून बसवलं,
परत येऊ दिलं, परत बसवलं,
माझ्याकडे न बघता.
खाली उतरवून निवल्यावर साय धरली.
तिनं ती दोन बोटांच्या चिमटीत उचलली,
डोळे बारीक केले, अगदी माझ्यासारखे,
आणि म्हणाली:
"सोमवारी सात."

मी कप पुढे केला.