हातचं राखून

रात्री तीनला मुंग्या येतात.
हडर्सफील्डच्या या गारठ्यात खऱ्या मुंग्या कुठल्या,
ह्या मनगटातून निघून अंगठ्याकडे चाललेल्या.
मी हात पलंगाबाहेर काढून झटकते,
थर्मामीटर झटकावा तसा.
करंगळी तेवढी निवांत झोपलेली.
तिची नस म्हणे वेगळ्या वाटेनं येते.

एकवीस वर्षं कौन्सिलच्या कचेरीत
लोकांच्या भिंतींची ओल टाइप करतेय.

आता खुर्ची चार बोटं वर,
मनगट सरळ, पट्ट्यात बांधलेलं,
अर्ध्या तासाला थांबायचं.
फिजिओ काय काय सांगते इंग्रजीत,
मी मनात मराठी करून ठेवते:
हातचं राखून.
गावी ही शिवी होती.

माउस डावीकडे.
डाव्या हातानं काल
मिस्टर अ‍ॅक्रॉइडच्या छताची तक्रारच पुसली.
पुन्हा लिहिली, सावकाश, स्पेलिंग बघत.
छत गळतंच आहे.

पाच वाजता
कोटाचं वरचं बटण काही लागत नाही.
शेजारच्या टेबलावरची ग्लेनिस
न विचारता उठते, लावून देते,
आणि जागेवर जाता जाता
मला दिसणार नाही अशा बेतानं
आपला उजवा हात झटकते.