पीळ

तीस वर्षं बंदरावर जाळी सांधली मी.
नायलॉनची गाठ डोळे मिटून बसते,
बोटं बधिर झाली तरी बसते.
म्हणून वाटलं होतं, लोकर ती काय.

दर गुरुवारी किलीबेग्जच्या वाचनालयात,
हीटरजवळच्या टेबलावर,
नेसा मला शिकवते. वय वर्षं तेरा.
दातांना तारा, शाळेचा स्वेटर कोपरावर विरलेला.
मी अठ्ठावन्नचा, तिच्यासमोर
हात पुढे करून बसतो,
नखं तपासून घ्यायला बसावं तसा.

"तीन टाके ह्या छोट्या सुईवर घ्या
आणि सोडून द्या."
"सोडून?"
"लटकू देत पुढे. बघू नका त्यांच्याकडे.
आधी मागचे तीन विणा, सुलट.
मग ह्यांना बोलवा."

जाळ्यात असं नसतं.
जाळ्यात रांग मोडत नाही कुणी,
ज्याची पाळी त्याची गाठ.
इथे तिघांना ताटकळत ठेवायचं,
मागून आलेल्यांना आधी घ्यायचं,
आणि मग दोघांत जी ओढाताण होते
तिलाच ही पोर नक्षी म्हणते.

पहिल्या खेपेला छोटी सुई निसटून टेबलाखाली गेली,
तीन टाके आ वासून राहिले.
नेसाने केसातली पिन काढून दिली.
दुसऱ्या खेपेला असा आवळला पीळ
की पुढच्या ओळीला सुईच शिरेना.
"मॅनस, ट्रॉलर नाही बांधायचाय," ती म्हणाली.

रात्री स्वयंपाकघरात मोजत बसतो.
सात ओळी नुसत्या, आठवीला पीळ.
फोन वाजला तर उचलायचा नाही,
पाचवी की सहावी, विसरायला होतं.
तसाही तो फारसा वाजत नाही.

काल धक्क्यावर, सँडविच खाता खाता,
मफलर उजेडात धरला आणि दिसलं:
चार पीळ डावीकडे कललेले,
पाचवा उजवीकडे,
वरचे तीन पुन्हा शहाण्यासारखे डावीकडे.
पाचव्याला मी सुई मागे धरली होती.
त्या रात्री वाजला होता फोन.
यूनन. नऊ वर्षांनी.
बोट विकली तेव्हापासून
दोघांपैकी कुणी नंबर फिरवला नव्हता.
आमच्या घराण्याबद्दल गाव बोलतं तेच खरं,
सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

"सगळं उसवू?" मी विचारलं.
चोवीस ओळी. तीन आठवडे.
नेसाने जीभ दातांच्या तारांवरून फिरवली.
"सगळं कशाला? सहाच टाके पाडायचे."
आणि माझ्या देखत पाडलेसुद्धा.
सुईवरून सुटून सहाही
धावत खाली गेले, ओळीमागून ओळ,
मागे नुसत्या शिडीच्या पायऱ्या,
दोन्ही बाजूंचं विणकाम जागच्या जागी.
मी श्वास घ्यायचा विसरलो.
तारेवरून गलबत उतरताना घेत नाही तसा.

मोकळा झालेला धागा सरळ नव्हता.
नागमोडी होता, टाक्याटाक्याला वळलेला.
वाफ दिली तर जाईल म्हणाली.
मी म्हटलं, राहू दे.

"आता तुम्ही. सुई पुढे की मागे?"
पुढे.
तीन थांबले. तीन आले. थांबलेल्यांना बोलावलं.
मग एकेक पायरी उचलत वर,
चोवीस वेळा, वाचनालय बंद व्हायची घंटा होईपर्यंत.
जागा जराशी सैल राहिलीय.
हात फिरवला तर कळते, बघून नाही.

"कुणासाठी आहे?" पिशवी भरताना तिने विचारलं.
"भाऊ येतोय. एप्रिलात."
आणि मग माझं मलाच सुचलं:
"एप्रिलात मफलर कोण घालतं?"
खिडकीबाहेर पाऊस आडवा चालला होता,
मासळीबाजाराचा पत्रा थडथडत होता.
"किलीबेग्जमध्ये?" नेसा म्हणाली.
"सगळेच."