ठरावाची तिसरी प्रत

माझगावात, छापखान्याच्या वरच्या माळ्यावर
सव्वीस वर्षं मी पक्षाचे ठराव टंकित केले.
माझं मत कुणी विचारलं नाही.
तशी पद्धतच नव्हती.

चौऱ्याण्णवच्या त्या रविवारी सगळा वाद एका शब्दाचा.
व्यापार कराराला विरोध,
की सशर्त स्वागत?
दहा वाजता स्टेन्सिलवर विरोध होता.
बारा वाजता त्यावर तांबडं रोगण लावून
मी फुंकर घालत बसले.
जागा तीन अक्षरांची, त्यात
सशर्त स्वागत मावेना.

गोदीचे बाबल आंगणे म्हणाले,
"बोट लागली की माझी माणसं जेवतात.
ती कुठल्या देशाची, हे विचारून
कोण ओझं उचलतो?"

औषध कारखान्याच्या इंदुमती खोपकर
उठल्या नाहीत, बसूनच
पर्समधली गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली.
"आज अकरा रुपये.
पेटंट आलं की किती, ते सांगा.
मग मी हार घेऊन उभी राहते."
पट्टीतल्या चार गोळ्या संपलेल्या.
कुणासाठी, ते खोलीत
दोघातिघांनाच ठाऊक.

भिंतीवर पक्षाचं चिन्ह:
पृथ्वीचा गोल, त्यावर हातात हात.
एक पोरगेला सभासद त्याकडे बोट दाखवत म्हणाला,
"जग आपणच बोलावलं ना?
आता दारात आलंय, तर कडी का लावायची?"
मागून कुणीतरी म्हणालं,
"आपण हात मागितला होता रे.
हे मनगट धरतायत."

सतरा विरुद्ध सतरा.
अध्यक्ष घोन्साल्विस सरांनी चष्मा पुसला,
पुन्हा पुसला.
"खानविलकर बाई, मसुदा वाचा."
मी वाचत गेले, आणि
तांबड्या डागापाशी थांबले.
गोदीत भोंगा वाजला.
सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते,
आयुष्यात पहिल्यांदाच.
मी म्हटलं, "इथे काही नाहीये."

सर उठले, छत्री घेतली, गेले.
बाहेर लख्ख ऊन होतं.

पुढचं वाटणीचं.
कपाट एकांकडे, किल्ली दुसऱ्यांकडे.
खुर्च्या मोजून.
चिन्हासाठी कोर्ट.
टाइपरायटर मात्र माझ्याकडे आला,
सात महिन्यांच्या थकलेल्या पगारात.

तेव्हा दोन्ही पक्ष माझ्या घरी यायला लागले,
आंगण्यांचे सकाळी, खोपकरबाईंचे दिवेलागणीला.
जिन्यात गाठ पडू नये म्हणून
मी वेळ लिहून द्यायचे.
मशीन जुनं, त्याचा ळ कधीचा तुटलेला.
चळवळ टंकली की च, मग फट,
मग व, मग फट.
दोघांच्याही ठरावात अगदी तशीच.

लेखणी घेऊन मी फटी भरायचे.
मेणकागद फाटू नये म्हणून हलक्या हाताने.
दोन्हीकडचा ळ
माझ्याच अक्षरातला.