मेणबत्तीची बरणी

पहिली डबी मी परत पाठवली.
नुसती थुंकी होती, पातळ, फेसाळ.
नवरा दारात, शर्टाला मागावरचं सूत चिकटलेलं.
"दादा, तोंडातलं नको, छातीतलं पाहिजे.
चूळ भरून, खोल खोकून."
"खोलच तर खोकून राह्यली ते, म्याडम,
चार दिसांपासून."

दुसरी डबी गंजाच्या रंगाची.
लेबलवर बॉलपेन : पंचफुला बारापात्रे, बावन्न, खाट चौदा.
काचेवर जांभळा, आयोडीन, स्पिरिट, शेवटी लाल.
एवढं धुऊनही ज्यांनी जांभळा सोडला नाही
ते दोन-दोन बसलेले,
बुडाला बूड लावून, टोकं बाहेर.
ओळखीचे वाटले.
पण वाटण्यावर सही करता येत नाही.

मेंढीच्या रक्ताची प्लेट घेतली.
तारेचं कडं तापवलं, निववलं, रेघा ओढल्या,
गर्दीतून एकेकटे सापडावेत म्हणून.
प्लेट बरणीत, शेजारी पेटती मेणबत्ती, झाकण घट्ट.
ज्योत जराशी उभी राहिली,
वाकली,
आपणच विझली.
उरलेल्या तेवढ्याशा हवेत यांचं फावतं.
खाट चौदाचा विचार मी तिथेच थांबवला.

बाहेर नवतपा. मेडिकल चौकात डांबर चपलेला धरत होतं.
इन्क्युबेटरात पस्तीस अंश, नेमके.
दार उघडलं की गार वाटायचं, खोटं नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी लाल रक्तावर हिरवट छटा,
मुका मार जुना होताना दिसते तशी.
मधे दबलेल्या बारीक सोंगट्या.
ऑप्टोचिनची चकती ठेवली, आणखी एक रात्र.
तिसऱ्या सकाळी चकतीभोवती
सोळा मिलिमीटर मोकळं.
तेव्हा नाव लिहिलं : न्यूमोकोकस. पेनिसिलिन लागू.

कागद घेऊन मीच गेले. एरवी जात नाही.
खाट चौदावर गादी गुंडाळलेली.
"चौदा नंबर?"
"गेली," आयाबाई म्हणाली,
फिनाइलच्या बादलीतून मान वर न काढता.
या शब्दाला दोन दारं.
मी मधल्या भिंतीशी उभी.
"अवो, तिकडं, जनरल वॉर्डात! रातीच ऑक्सिजन काहाडला.
इंजेक्शन तर पयल्याच दिवशी सुरू केलतं डाक्टरनं."

म्हणजे कागद मागून पोचला.
तरी फाईलला टाचला.

वर येऊन प्लेट उजेडात धरली.
रेघेच्या टोकाला एकेकटे, किती नीट वाढले होते.
ऑटोक्लेव्हचं झाकण आवळलं.
खिडकीखाली तोच सुताचा शर्ट,
एका नव्या माणसाला छातीवर हात ठेवून सांगत होता,
"थुंकी नाही चालत, भाऊ.
खोलातून काहाडा लागते."