लिहायचा, म्हणायचा नाही

मिरजेत, सतारमेकर गल्लीत
पावत्या फाडायचं काम माझं. एकोणीस वर्षं.
भोपळे कुठून आले, लाकूड किती फूट लागलं,
कुणाचा तंबोरा कुठल्या गाडीनं गेला,
सगळं माझ्या अक्षरात आहे.

त्या मंगळवारी एक फ्रेंच माणूस आला,
खांद्याला तंबोरा, गवसणी एका बाजूनं उसवलेली.
म्हणाला, सुरात आहे, पण बोलत नाही.
दस्तगीरचाचांनी घोडीवरून बोट फिरवलं
आणि कानस शोधायला लागले.
मी नाव विचारलं. पासपोर्ट पुढं सरकला.
अक्षरं जुळवत जुळवत मी लिहिलं : लेफेबव्रे.

तो हसला. "लफेव्र. ब म्हणायचा नाही."
"मग लिहिता कशाला?"

जवारीला वेळ लागतो. तेवढ्यात त्यानं सांगितलं,
तोडक्या हिंदीत, मधेच मुठीनं घण मारून दाखवत.
फेव्र म्हणजे लोहार.
गाव तिथं भाता, भाता तिथं फेव्र.
मग कधीतरी, काही शतकांमागं,
लॅटिन शिकलेल्या कुणा कारकुनाला वाटलं,
मूळ शब्दात ब होता, बिचारा वाटेत गळाला.
त्यानं टाक बुडवून तो परत बसवला.
लोहाराला वाचता येत नव्हतं.
तो घण घालत राहिला,
पूर्वीच्याच हाकेला ओ देत.

आता उत्तरेकडं, बेल्जियमच्या अंगाला,
दगड भिरकावला तर एखाद्या लफेव्रलाच लागेल.
दक्षिणेत तेच लोक फाब्र, नाहीतर फोर.
आणि कुणी एकानं व चा उ वाचला,
त्या घराचं लफेब्यूर झालं ते झालंच,
दुरुस्तीचा अर्ज कोण करतो?

"आमच्याकडं पाटील," मी म्हटलं.
"सांगलीच्या स्टँडवर उभं राहून नुसतं 'ओ पाटील' म्हणा,
लागलेल्या गाडीतनं माणसं खाली उतरतील."
त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

चाचा मान वर न करता म्हणाले,
"आम्ही शिकलगार. तलवारींना धार लावणारे.
तलवारी भिंतीवर गेल्या, हात रिकामे राहिले,
तवा कुणीतरी मोडकी सतार पुढ्यात आणून टाकली.
मला शाळेत घातलं, गुरुजींनी शिकलगार लिहिलं.
धाकट्याला घातलं तोवर गुरुजी बदलले होते,
त्याचं सतारमेकर.
एक चूल, दोन आडनावं.
अब्बांच्या जागेचा उतारा काढायला गेलो
तर तलाठी विचारतो,
हे दोघं एकमेकांचे कोण लागतात?"

बोलता बोलता त्यांनी रिळाचा दोरा दातानं तोडला,
एकेका तारेखाली सरकवला,
केसभर मागं. केसभर पुढं. परत जरासा मागं.
तार छेडली.
फळीवरचे न रंगवलेले भोपळेसुद्धा
आतल्या आत गुणगुणायला लागले.

त्यांनी दोऱ्याकडं बोट केलं.
"हा बोलतो काय? न्हाई.
काढून बघा की."

कुणी काढला नाही.

सहाशे झाले होते. चाचांनी शंभर परत दिले,
लोहाराकडून जास्त घेत नाहीत म्हणे.
हा रिवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

त्याची पावती मी खोडणार होतो, खोडली नाही.
वरची तो घेऊन गेला.
खालची, कार्बनची, माझ्या वहीत आहे,
तिच्यात ब जरा फिकट उठलाय.
खाली माझी सही.
तीत माझं आडनाव आहे,
ते आजवर कुणालाच वाचता आलेलं नाही.