जबाब

ठाकुरद्वारच्या नाक्यावर, सव्वाअकराला,
मोटारसायकल माझ्या कोपराला घासून गेली
आणि पुढच्या बाईच्या गळ्यातली साखळीही गेली.

हवालदार विचारतात, नंबर?
पाटी समोरच होती, हातभर अंतरावर.
चार आकडे. दिसले असणारच.
पण डोळे मिटले की येते ती पाटी
शाळेतल्यासारखी, पुसलेली.

हेल्मेट? गाडीचा रंग?

मागे बसलेल्याची चप्पल सांगते, साहेब.
डावी. अंगठा उसवलेला,
निळ्या दोऱ्याने शिवलेला. पाच टाके,
चौथा तिरका.
चाळीस वर्षं साड्यांना फॉल लावते मी.
नजर आधी शिवणीवर जाते,
तेवढ्यात बाकीचं सगळं
गल्लीतून वळून निघून जातं.

ते हसले. लिहिलं:
‘साक्षीदाराने विशेष काही पाहिले नाही.’
खाली मी सही केली, कुमुद पाठारे.

रात्री लेकाने विचारलं,
जबाब कुणी घेतला, नाव काय त्यांचं?

खाकी शर्ट. खिशाचं बटण
काळ्या दोऱ्याने लावलेलं, घाईत,
गाठ वरच राहिलेली.

नाव त्याच्या बोटभर वर होतं,
पट्टीवर, ठळक.