दात अंदाजे

अंजनेरीच्या पायथ्याला, करवंदीच्या जाळीत
एक बिनशिखराचं देऊळ आहे.
त्याच्या उत्तरेच्या भिंतीतून एक मकर तोंड काढून बसलाय.
गाभाऱ्यातलं पाणी त्याच्या मुखातून पडायचं.
आता आत देव नाही, बाहेर पाणी नाही,
आणि मकराला खालचा जबडा नाही.

माझ्यापाशी आहे ते जुन्या रेखाटनाची छायाप्रत.
उजव्या कोपऱ्यात साहेबाची लफ्फेदार सही.
पण खर्चाच्या वहीत मला सापडला
राघो तांबट, नकाशे काढणे, दिवस चार, रुपये दोन.
वरच्या ओळीत: शिडी एक.
खालच्या ओळीत: घोड्यांस चंदी.

रेघ त्याचीच. खवले बघा,
मठारलेल्या हंड्यावर पडावेत
तसे एकाला खेटून एक, न चुकता.
आणि जबडा शाबूत. आठ दात.

मी टेप लावला, पुन्हा लावला.
राखणीला आलेले बेंडकोळी बिडी विझवत म्हणाले,
"आमच्या आज्यानं बी तो मोडकाच पाह्यला.
बायामाणसं इळं घासायची त्याच्यावर."
म्हणजे खोटं काढलंस, राघो.
दोन रुपयांत आठ दात.

राग आला होता, खरंच.
मग घरी भिंगाखाली
समासात मुंग्यांसारखं काही हललं.
मोडी. वाचायला तीन रात्री गेल्या,
त्यातली एक तर नुसत्या 'ज'वर:

जबडा नाही. साहेब बोलिले, पुरा करणे.
दांत अंदाजे.

एवढंच. छापताना कुणी समास कापला असता
तर एवढंही नाही.

दुसऱ्या रविवारी परत गेले.
माझ्या कागदावर जबड्याची जागा
नियमाप्रमाणे कोरी सोडली,
बाण काढून लिहिलं: भग्न.
बेंडकोळी खांद्यावरून डोकावले.
"मंग पाणी कुठून पडायचं?"

नियम सांगायला तोंड उघडलं
आणि पेन्सिलच खाली गेली:
फिकट, तुटक रेघ, हात किंचित कापत.
दात नाही काढले. माझे ते मोजलेले नव्हते,
त्याचेही नव्हते.

मकराच्या घशात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं,
रुंदी अकरा सेंटिमीटर.
ते मात्र मापासकट काढलं.